बोळवणीची तबकडी

बाबा, तुम्ही लग्नांत वाजवायचा त्या बोळवणीच्या तबकडीचं खरं नाव मला परवा कळलं. ते इथे लिहीत नाही, कारण ते इटलीच्या भाषेत आहे, मला नीट उच्चारता येत नाही आणि तुम्ही तर ऐकूनच हसला असता. तुम्हाला जाऊन वीस वर्षं केव्हाच होऊन गेली. इतक्या वर्षांनी मी लिहायला बसले ती त्या तबकडीपायी, पण नुसत्या तिच्यापायी नाही. जाताना तुम्ही एक गोष्ट मनात घेऊन गेलात, की माझा संसार तुमच्या हातून मोडला. तसं नव्हतं. आणि तसं नाही हे मला पक्कं ठाऊक असताना मी तुम्हाला तसंच समजू दिलं. आज रविवार आहे, ड्युटी नाही, वरणाला फोडणी देऊन झाली आहे आणि दादाची पोरगी आंघोळीला गेली की तासभर बाहेर येत नाही. तेवढ्यात जमेल तेवढं लिहिते.

ही दादाची धाकटी. तुम्ही तिला पाहिलं नाही, ती तुमच्यानंतरची. पुण्याला सिनेमाचं शिक्षण घेते. असंही शिक्षण असतं, त्याला फी असते आणि परीक्षाही असते. सुट्टीत वाशीमला माझ्या क्वार्टरवर आली आहे. पुण्याला राहून तिची बोली अर्धी बदलली आहे, चिडली की मात्र परत आपली होते. परवा सकाळी मी खाली बसून अंबाडी निवडत होते आणि ती ओट्याशी कणीक मळत होती. फ्रीजवर तिनं तो लहानसा डबीएवढा स्पीकर ठेवलेला. एकामागून एक काहीबाही परदेशी वाजत होतं, माझं लक्ष नव्हतं. आणि मग एकदम ती बाई गुणगुणायला लागली. शब्द नाहीत, नुसतं आ आ, ला ला, आणि मागे संतूरसारखं बारीक किणकिण. माझ्या हातातली जुडी तशीच राहिली.

"हे कुठलं गं?" मी विचारलं.

"जुनं आहे आत्या. इटलीत पूर्वी भुताखेतांचे आणि खुनाचे पिक्चर निघायचे ना, त्यातलं. मी त्याच्या म्युझिकवरच लिहिते आहे कॉलेजसाठी."

"हे बोळवणीचं आहे," मी म्हणाले.

"काय?"

"बोळवणीचं आहे ते. आमच्या बाबांचं."

तिनं कणकेच्या हातानं माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहायचाच काय तो बाकी ठेवला. मग मी तिला सगळं सांगत बसले आणि कणीक सुकून गेली.

तुम्ही ती तबकडी आणलीत तेव्हा मी दुसरी-तिसरीत असेन. भोंग्याचं मशीन दुरुस्तीला घेऊन तुम्ही अकोल्याला गेला होता, आणि तिथं कुण्या बदली होऊन गेलेल्या साहेबाच्या घरातलं भंगार एका दुकानासमोर पडलेलं होतं. त्यातून ती उचलून आणलीत. शिरपूरच्या स्टँडवर बसमधून उतरलात तेव्हा मशीन एका बगलेत, तबकडी दुसऱ्या बगलेत, आणि चेहरा असा की जणू तालुक्याची निवडणूक जिंकून आलात. घरी येऊन तुम्ही ते कव्हर आईसमोर धरलं. मला ते अजून दिसतं. एक गोरी बाई जिना उतरते आहे, अंगात पायघोळ पांढरा झगा, हातात पेटलेली मेणबत्ती, आणि पायऱ्यांवर लाल लाल ठिपके.

"पाह्य," तुम्ही आईला म्हणता आहात, "गोऱ्या लोकाइतबी नवरी पांढऱ्यातच राह्यते, आपल्यासारखी. मेनबत्ती हाय हातात, म्हंजे वंदना करून निंगाली असन. आन हे पाह्य, गुलाबाच्या पाकळ्या. अक्षता नाही टाकत थे लोकं. फुलंच टाकते."

आई कव्हर दिव्याकडे तिरकं धरून पाहते. "मंग थे तोंड काहून असं करून राह्यली?"

"माहेर सोडून चालली ना वं. हासन का मंग?"

हा तुमचा निकाल, आणि त्यावर अपील नव्हतं. आपल्या वस्तीत नवरी पांढऱ्या साडीत असते, पंचशील घेऊन झालं की फुलांच्या पाकळ्या पडतात. तुम्ही आपल्याच मांडवातून त्या चित्राकडे पाहिलंत. शेजारच्या पाटलांच्या आळीतल्या कुणाच्या हाती ते कव्हर पडलं असतं, तर पांढऱ्यातली बाई पाहून त्यानं ते लग्नघराच्या आसपास फिरकू दिलं नसतं. तुम्हाला मात्र ती आपल्यातलीच वाटली. "अर्धे बौद्धच हायेत हे लोकं," असं तुम्ही पुढे कितीतरी दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता.

पुढची गंमत तर तुमच्याच तोंडून मी शंभरदा ऐकली. बोळवणीच्या वेळी काय लावायचं हा भोंगेवाल्याचा मोठा पेच. सनईची तबकडी झिजून घरघरायला लागलेली. सिनेमातलं बिदाईचं गाणं लावलं की त्यातले शब्द कुणाला तरी लागायचे, एका ठिकाणी तर नवरीच्या सावत्र आईनं तुमची पिनच उचलून ठेवली होती. या तबकडीत शब्दच नव्हते. पहिल्या बाजूचं तिसरं, तुम्ही तिथं चुन्याचा ठिपका लावून ठेवला होता. तुम्ही ते पहिल्यांदा लावलंत ते आपल्याच वस्तीतल्या लग्नाला. कडुनिंबाला बांधलेल्या भोंग्यातून ती बाई गुणगुणायला लागली आणि मांडवातल्या सगळ्या बाया एकदम रडायला लागल्या. नवरी रडली, नवरदेवाची आई रडली, आचाऱ्यानं झारा खाली ठेवून डोळे पुसले. वर्ष-दोन वर्षांत मानोऱ्यापर्यंतची लग्नं तुमच्याकडे यायला लागली. ज्या घरांत तुमचं जेवणाचं ताट पडवीबाहेर यायचं, त्या घरांतल्या म्हाताऱ्याही दाराशी येऊन म्हणायच्या, "थे बोळवनीचं रेकॉर्ड घेऊन येजा बरं, इसरजा नोका." आणि मग कुणीतरी म्हणालं, त्या रेकॉर्डवर गेलेली पोरगी नांदते, परत येत नाही. हे कुठून निघालं देव जाणे. पण तुम्हीही ते हळूहळू खरं मानायला लागलात.

मला एकटीला ती आवडायची नाही, निदान लहानपणी. तुम्ही आपल्या दुकानात भोंग्याऐवजी तो लाकडी डब्याचा स्पीकर लावून तबकडी तपासायचा, आणि मी डब्याला कान लावून बसायचे. त्या डब्यात एक आवाज यायचा जो भोंग्यात कधीच आला नाही. बाईच्या गुणगुणण्याच्या खाली, खूप खाली, धप्प धप्प असं काहीतरी चालायचं, आणि मधूनच कुणी श्वास ओढल्यासारखं. एकदा मी घाबरून रडत घरी पळाले. तुम्ही मागून आलात आणि मला दटावलंत. "गान्याले काय भ्याचं? गानं चावते काय तुले?" मी धप्प धप्पचं सांगितलं तर म्हणालात, ते मशीनचं आहे, व्हॉल्व गरम झाला की होतं.

व्हॉल्व नव्हता, बाबा. ते मुद्दाम केलेलं होतं. भाचीनं मला तो सगळा पिक्चर काल दुपारी लॅपटॉपवर दाखवला. एक पोरगी एका मोठ्या जुन्या घरात राहायला येते. घरचे लोक चांगले आहेत, हसतात, जेवायला वाढतात. ती जिना चढायला लागते आणि तुमचं ते गाणं सुरू होतं. वर पोचेपर्यंत ती बाई गुणगुणत राहते, आणि वर पडद्यामागे सुरा घेऊन कुणी उभं असतं. त्या कव्हरवरचे लाल ठिपके गुलाबाच्या पाकळ्यांचे नव्हते हे आता वेगळं सांगायला नको. मी तर हसले. तीस वर्षं रक्त पाहते आहे, रक्त इतकं नटवं नसतं, सरळ रंगाच्या डब्यातलं होतं. भाची माझ्यावर चिडली. "हासून काय राह्यली आत्या, सीरियस सीन हाय तो!"

मग तिनं मला समजावून सांगितलं. तिकडे त्या काळी असे पिक्चर धडाधड निघायचे, पैसा बेताचा, पण संगीत करणारे चांगले शिकलेले, काही तर चर्चमधल्या पेटीवर हात बसलेले. त्यांनी एक रीतच पाडली होती. सगळ्यात वाईट प्रसंग असेल तिथं सगळ्यात गोड चाल ठेवायची, अंगाईसारखी, बाईच्या किंवा लेकराच्या आवाजात. भीती खालच्या सुरात ठेवायची. बघणाऱ्याला कळत नाही आपल्याला काय होतंय, गाणं तर गोड आहे, मग छाती का धडधडते. मी म्हटलं, आमच्या भोंग्यात खालचा सूर यायचाच नाही, पत्र्याच्या तोंडातून फक्त वरचं जातं. ती टाळी वाजवून उठली. म्हणाली, म्हणजे आजोबांनी त्यातली भीती काढून टाकली आणि नुसतं गोड तेवढं गावाला ऐकवलं, हे मी प्रबंधात लिहिणार. लिहू दे. पण मला ते तितकंसं पटलेलं नाही. भोंग्यातून खालचं ऐकू येत नसेल, पण त्या चालीत ते होतंच. एक पोरगी अनोळखी घराच्या पायऱ्या चढायला निघाली आहे आणि सगळे तिच्यावर फुलं टाकत आहेत. इतक्या गावांच्या बाया एकदम रडायच्या त्या काय उगाच? तुम्हाला चित्र कळलं नाही, पण तुमचा कान चुकला नव्हता, असं मला कालपासून वाटतं आहे.

आम्ही दोघी त्यावर खूप हसलो. मावशी, मामी, शेजारची काकू, कोण कोण त्या खुनाच्या गाण्यावर सासरी गेलं याची नावं घेत हसलो. आणि हसता हसता ती म्हणाली, "मग तुझ्या लग्नातही हेच लावलं असेल ना आजोबांनी?" मी नाही म्हणाले आणि उठून चहा ठेवला.

माझं लग्न तुम्ही घाईनं केलंत. आई जाऊन वर्ष झालं होतं, तुम्हाला धाप लागायला लागली होती, आणि माझं नर्सिंग नुकतंच पुरं झालेलं. मुलगा मानोऱ्याकडचा, सोसायटीत कारकून, चारचौघांत उठून दिसणारा नाही आणि नाव ठेवावं असाही नाही. तुम्ही मला दुकानात बोलावून विचारलंत, "माय, तुले पसंत हाय ना? मनात काही असन तं आताच सांग." मी हो म्हणाले. तुम्ही दोनदा विचारलंत, मी दोनदा हो म्हणाले. मला लग्नच नको होतं, निदान तेव्हा नको होतं, नोकरी करायची होती, स्वतःच्या पगारावर दोन-चार वर्षं एकटीनं राहायचं होतं. पण तुम्ही वाकून व्हॉल्व पुसत होता, खोकत होता, आणि माझ्या हो नंतर तुमचे खांदे सैल झाले ते मी पाहिलं. एकदा ते पाहिल्यावर नाही म्हणवेना.

लग्नाच्या आठ दिवस आधी मी तुम्हाला म्हणाले, माझ्या बोळवणीला ती तबकडी लावू नका, मला तिची भीती वाटते. तुम्ही आधी हसलात. मी हसले नाही तेव्हा तुमचं तोंड उतरलं. "आखी दुनिया मांगून नेते थे रेकॉर्ड, आन माह्याच पोट्टीले नोको?" एवढंच म्हणालात. पण त्या दिवशी तुम्ही शब्द पाळलात. मला ती दुपार दिसते आहे. पांढऱ्या साडीत मी जीपकडे चालते आहे, पाकळ्या पडताहेत, आणि भोंगा गप्प आहे. मांडवातल्या बाया एकमेकींकडे पाहताहेत, मग भोंग्याकडे. त्यांना रडायचं होतं आणि त्यांची सुरुवात होईना. तुम्ही मशीनजवळ हात बांधून उभे, पिनेला हातसुद्धा लावत नाही. नुसता जीपचा आवाज आला आणि मी गेले.

चौदा महिन्यांनी दोन दिवसांसाठी म्हणून आले ती परत गेलेच नाही. मग बैठक बसली, आपल्याच अंगणात सतरंजीवर, दोन्हीकडची जाणती माणसं. मला मधोमध बसवलं. "काय तरास होता, सांग बाई. मारत होते? उपाशी ठेवत होते?" कुणी मारलं नव्हतं, कुणी उपाशी ठेवलं नव्हतं. तो बिचारा समोर मान खाली घालून सतरंजीचा दोरा उपसत बसला होता. मी काय सांगणार होते? की मला हा माणूस पहिल्या दिवसापासून नको होता आणि मी हो म्हणाले होते? एक तास गप्प बसले, लोक चिडायला लागले, कुणी माझ्या शिक्षणावर घसरलं. आणि तुम्ही उठून उभे राहिलात. "तिले काही इचारू नोका. चुकी माही हाय. साऱ्या गावाच्या पोरी मी वाजवून बोळवल्या, आन घरची मुकीच लावून देल्ली. कशी नांदन थे?"

आणि बाबा, त्या बैठकीला ते पटलं! म्हाताऱ्यांनी माना हलवल्या, त्याच्या मामानं सुस्कारा सोडला, तासाभरात सोडचिठ्ठीचा कागद झाला. मला वाटलं, तुम्ही मला वाचवायला काहीतरी ठोकून दिलंत. मनातून मी तुमच्या हुशारीवर खूशही झाले. आणि मग गंमत अशी झाली, की त्यानंतर तुमचा धंदा दुप्पट झाला. भोंगेवाल्यानं स्वतःच्या पोरीला लावलं नाही आणि ती परत आली, हे सगळ्या तालुक्यात झालं. प्रत्येक लग्नघर आधी तबकडीचं विचारायचं. तुम्ही जायचा, लावायचा, आणि ते वाजत असताना मांडवाकडे पाठ करून उभे राहायचा. ते पाठ करणं मी पाहत होते. तरी मी स्वतःला सांगत राहिले, की ते तुमचं नाटक आहे.

नाटक नव्हतं हे मला वॉर्डात कळलं. तुम्ही माझ्याच वॉर्डात होता. सकाळचा राउंड झाला होता, मी तुमचं सलाइन बदलत होते. तुम्ही मास्क बाजूला केलात आणि म्हणालात, "माय, तुह्या बोळवनीले मी थे लावाले पाह्यजे होतं." तुम्ही दहा वर्षं ते उरात धरून होता. मी तुमची मुलगी होते, हातात सुई होती, वेळ होता, आजूबाजूला कुणी नव्हतं. मी मास्क परत नीट बसवला आणि पेशंटला सांगतात तसं सांगितलं, "बोलू नका, झोपा." दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. मी तेव्हा इतकी भित्री झाले, याची मला आजही लाज वाटते.

बाथरूमची कडी वाजली. हे पत्र भाचीला दाखवायचं नाही, ती प्रबंधात घालेल. वहीतून फाडून कपाटात ठेवीन, दुसरीकडे पाठवायला पत्ताही नाही. तेवढं एक राहिलं ते लिहून टाकते.

मला भीती वाटते असं मी तुम्हाला म्हणाले, ते खोटं होतं. लहानपणची भीती केव्हाच गेली होती. नर्सिंगच्या होस्टेलवर मी ती चाल रोज गुणगुणायचे, मैत्रिणींनाही पाठ झाली होती. मला ती इतकी आवडायची, की मांडवात वाजली असती तर मी उभ्या जागी कोसळून रडले असते, आणि रडताना तुम्ही जवळ आला असता, तर "मला नाही जायचं" हे माझ्या तोंडून निघालंच असतं. आणि तुम्ही मला पाठवलं नसतं. जीप दारातून रिकामी गेली असती, लोक काही म्हणोत. हे मला तेव्हाही ठाऊक होतं, म्हणूनच मी तुम्हाला लावू दिलं नाही. तेव्हा वॉर्डात तुम्ही म्हणालात ते बरोबर होतं, बाबा. लावायला पाहिजे होतं.